आपली फटफटी आपण रंगवावी काय?

कोणतेही काम स्वतःच्या हाताने करावे, की त्यातील जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे, हा प्रश्न प्रपंचात पदोपदी उभा राहतो. पापड घरी लाटावे की विकत आणावे, मुलास गणित बापाने शिकवावे की शिकवणी लावावी, भिंतीस चुना आपण द्यावा की गवंड्यास बोलवावे, अशा नाना रूपांनी तो आपणांस भेटतो. आणि बहुधा आपण त्याचे उत्तर विचाराने न देता सवयीने देतो. ज्याची ऐपत असते तो पैसे टाकून मोकळा होतो, ज्याची नसते तो काम अंगावर घेतो, आणि पुढे दोघेही आपापल्या कृतीस तत्त्वाचे नाव देतात. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका अगदी साध्या वस्तूच्या निमित्ताने तपासून पाहण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे मोटारसायकल, अर्थात आपल्या बोलीतील फटफटी. आणि प्रश्न हा की, तिचा रंग उडाला असता तो घरी द्यावा की रंगाऱ्याकडून देववावा.

विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. परंतु आमच्या लासलगावात तसे म्हणण्यास कोणी धजणार नाही. १९४७ साली येथे बाजार समिती स्थापन झाली, आणि कांद्याच्या व्यापाराने या गावाचे नाव देशभर नेले. विंचूर, निफाड, चांदवड या बाजूंनी बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरांची जी रांग लागते, तिच्या फटींतून वाट काढीत जाते ती फटफटीच. शेतकरी तिच्यावरून भाव पाहण्यास येतो, विद्यार्थी महाविद्यालयात जातो, आणि आजीस दवाखान्यात न्यावयाचे झाले तरी तीच दारात उभी राहते. पूर्वी ज्या घरात घोडे वा बैल होते, त्या घरात आज ती आहे. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगविण्यासाठी कोणी कारागीर बोलावीत नाही. ते काम धन्याचे व त्याच्या मुलांचे असते. मग बैलाच्या जागी आलेल्या या लोखंडी जनावरास रंग द्यावयाचा, तर तो परक्याने का द्यावा, असा प्रश्न तरुणाच्या मनात आल्यास त्यात नवल ते काय?

व्याकरणातील एक दृष्टांत

संस्कृत व्याकरणाने या भेदाची दखल फार पूर्वी घेतलेली आहे. काही धातू दोन्ही पदी चालतात. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल, तर पाणिनी आत्मनेपद सांगतो. ते दुसऱ्याकडे जात असेल, तर परस्मैपद. म्हणून यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’, आणि ज्याच्यासाठी यज्ञ चालला आहे तो यजमान ‘यजते’. वर्गात हे शिकविताना विद्यार्थी हटकून विचारीत, की आहुती देतो ऋत्विज, मंत्र म्हणतो ऋत्विज, मग यजमान काय करतो? उत्तर असे, की यजमान पुष्कळच करतो. संकल्प त्याचा, दीक्षेचे नियम त्याला, यज्ञभूमीवर उपस्थिती त्याची, काही मंत्रही त्याने स्वतः म्हणावयाचे, आणि शेवटी दक्षिणा त्याने द्यावयाची. ऋत्विजास काम सोपवून बाजारात निघून जाणारा यजमान नव्हेच.

वाचकांनी हा दृष्टांत मनात ठेवावा. आपण रंगाच्या प्रश्नाकडे बहुधा दोनच वाटा म्हणून पाहतो: सर्व काम आपले, किंवा सर्व काम दुसऱ्याचे. वस्तुतः कोणत्याही मोठ्या कामाचे अनेक टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यास हा प्रश्न निराळा विचारावा लागतो. तसा तो विचारला, तर उत्तरही निराळे येते.

रंग कशासाठी असतो

प्रथम रंगाचे प्रयोजन पाहू. लोखंडास हवा व पाणी मिळाले की ते गंजते. रंग हे या दोहोंच्या आड घातलेले अस्तर होय. शोभा हा त्याचा दुसरा गुण. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर जो रंग दिसतो, तो एक थर नसतो. पत्रा आधी धुऊन तेलविरहित केला जातो, त्यावर फॉस्फेटची रासायनिक प्रक्रिया होते, मग गंजरोधक अस्तर, मग रंग, आणि बहुतेक गाड्यांवर शेवटी पारदर्शक थर येतो. यांतील थर भट्टीत तापवून पक्के केले जातात. इतके सारे थर मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे बजाज कंपनीचा कारखाना १९८५ पासून चालू आहे. तशा कारखान्यात हे काम गाळलेल्या हवेच्या बंद दालनात होते; आपल्या पडवीत होत नाही. म्हणून घरी दिलेला रंग कारखान्यातील रंगाच्या तोडीचा होईल ही अपेक्षा आरंभीच सोडावी. रस्त्याकडेच्या रंगाऱ्याकडूनही ती पूर्णपणे ठेवू नये. कारण भट्टी त्याच्याकडेही क्वचितच असते.

रंग लवकर वाळावा ही माणसाची हाव जुनी आहे. मोटारी निघाल्या त्या काळी तेलाचा रंग वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली प्रसिद्ध टी नमुन्याची गाडी केवळ काळ्या रंगात काढली. पुढे १९२३ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग अमेरिकेत मोटारींवर आला, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आमच्याकडील काही जुने मिस्त्री आजही फवाऱ्याच्या कोणत्याही रंगास ड्यूकोच म्हणतात. रंगाचे कारखाने आपल्याकडेही फार मागाहून आले असे नाही. मुंबईत लोअर परळ येथे १९२० साली निघालेली गहगन कंपनीच आज नेरोलॅक या नावाने ओळखली जाते, आणि १९४२ साली गिरगावातील एका गॅरेजात चार तरुणांनी आरंभिलेली एशियन पेंट्स आज घरोघरी ठाऊक आहे. डबा विकत मिळणे ही अडचण कधीच नव्हती. अडचण डबा उघडण्यापूर्वीच्या कामात असते.

भूमिबंध

चित्रकलेवरील आपल्या जुन्या ग्रंथकारांना हे मर्म उत्तम ठाऊक होते. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात चित्राची जी अंगे गणिली आहेत, त्यांत भूमिबंध, म्हणजे ज्या पृष्ठावर रंग द्यावयाचा ते पृष्ठ तयार करणे, हे स्वतंत्र अंग आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत खडबडीत दगडावर प्रथम मातीचा गिलावा, त्यात वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ लेप, आणि मग रंग असा क्रम आहे. दीड हजार वर्षांनंतरही जेथे चित्र टिकले आहे, तेथे त्याच्याखालची भूमी टिकली आहे. आणि जेथे गिलाव्याचा पोपडा सुटला, तेथे त्यावरील चित्रही गेले, मग त्यातील रेषा कितीही कुशल असो.

फटफटीच्या टाकीस हाच नियम लागू आहे. गंजावर रंग दिला, तर गंज खाली वाढतच राहतो आणि वर्षाच्या आत रंगास फोड येतात. तेलकट पत्र्यावर दिला, तर तो धरत नाही. मेणाच्या वा सिलिकोनच्या पॉलिशचा अंश राहिला, तर ओल्या रंगात बारीक खळगे उठतात, आणि मग कितीही हात दिले तरी ते भरत नाहीत. म्हणून क्रम असा: गाडीचा सुटा होणारा भाग सोडवून घ्यावा, साबणाने धुवावा, चरबी व मेण काढणाऱ्या द्रावाने पुसावा, आणि मगच काचकागद हाती घ्यावा. आधी घासून मागाहून पुसले, तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते. गंज व सुटा रंग काढण्यास १२० च्या आसपासचा कागद, त्याचे ओरखडे मोडण्यास २२० वा ३२०, अस्तरावर ४०० व ६००, असे आकडे वाढवीत जावे. आकडा जितका मोठा तितकी दाणेदारी बारीक. जेथे जुना रंग संपून पत्रा लागतो, तेथील कडा उतरती करावी, नाहीतर नव्या रंगाखालून ती नदीच्या काठासारखी उठून दिसते. उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. ओल्या हवेत तो सकाळपर्यंत तांबूस होतो. त्याच दिवशी त्यास अस्तर द्यावे. पोचे आलेले असतील तेथे पुट्टी भरावी, परंतु पातळ. जाड पुट्टी पुढे तडकते.

या सर्व कामास काय लागते? पाणी, कागद, फडके, आणि वेळ. विशेष बुद्धी लागत नाही, बळही लागत नाही. लागतो तो धीर. आणि या टप्प्याचा मोठा गुण असा, की चूक झाली तर ती पुन्हा घासून दुरुस्त करता येते. म्हणून भूमिबंध हे ज्याने त्याने करण्याजोगे काम आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या व तांबड्या छटांत, शिशाची संयुगे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या सरकारने २०१६ च्या नियमाने दशलक्षांत ९० भागांची मर्यादा घातली, आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आली. परंतु तो नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरता आहे, आणि जुन्या गाडीस तो लागू होण्याचा प्रश्नच नाही. म्हणून कोरडे घासू नये. पाणी लावून घासावे म्हणजे धूळ उडत नाही. ते पाणी तुळशीत वा विहिरीजवळ ओतू नये. रांगती मुले त्या जागी येऊ देऊ नयेत. आणि हात धुतल्याखेरीज पानावर बसू नये.

आमच्या गावची हवा

पुढचा टप्पा रंगाच्या फवाऱ्याचा. येथे माणसाच्या धिराइतकाच हवेचाही संबंध येतो, आणि आमच्या गावची हवा रंगाऱ्यास अनुकूल आहे असे म्हणता येत नाही. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ओल, आणि हिवाळ्यात निफाड तालुक्याची ती प्रख्यात थंडी. त्यात बाजार भरात असताना कांद्याचे सुटे पापुद्रे वाऱ्यावर सर्वत्र उडत असतात, आणि ओला रंग त्यांना चुंबकासारखा धरतो. अंगणात रंगविलेल्या मडगार्डावर दुसऱ्या दिवशी कांद्याचा पापुद्रा मुरलेला आढळणे ही येथे गमतीची गोष्ट नव्हे, नित्याची आहे.

ओलसर हवेत निराळाच प्रकार होतो. रंगातील थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, जसा ओला माठ पाण्यास थंड करतो. हवेत बाष्प अधिक असले, तर ते त्या थंड पृष्ठावर दवासारखे जमते आणि चकचकीत रंग दुधाळ, पांढुरका पडतो. म्हणून आषाढ-श्रावणात रंगाचे काम काढू नये, आणि थंडीच्या दिवसांत ते पहाटे वा सायंकाळी करू नये. दिवस वर आल्यावर, उन्हाची तिरीप थेट न येईल अशा जागी करावे. दसरा-दिवाळीच्या मधले कोरडे दिवस त्यातल्या त्यात उत्तम.

फवाऱ्याच्या डब्याने रंग देताना अंतर साधारण एक वीत ते सव्वा वीत ठेवावे, हात सरळ रेषेत चालवावा, आणि भागाच्या कडेबाहेर सुरू करून कडेबाहेरच थांबवावा. जवळून दिला तर ओघळ येतात. दुरून दिला तर रंगाचे कण वाटेतच वाळून पृष्ठ संत्र्याच्या सालीसारखे खरबरीत होते. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. हे वाचून समजते, पण येते ते करूनच. म्हणून पहिला प्रयोग टाकीवर न करता एखाद्या जुन्या पत्र्याच्या डब्यावर करावा. त्यात अयशस्वी झाल्यास डब्याचे काही बिघडत नाही.

जेथे थांबावे

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो.

बाजारातील साध्या डब्यातला रंग केवळ थिनर उडून वाळतो. तो दिसावयास ठीक असतो, परंतु पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी चार थेंब सांडले की तेथे मऊ पडून उठतो. पेट्रोलास व उन्हास दाद न देणारा रंग हवा असेल, तर त्यात ऐनवेळी हार्डनर मिसळावा लागतो. या हार्डनरात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे आत गेला असता फुप्फुसास अशी संवेदनशीलता जडू शकते, की पुढे त्याचा लवलेशही दम्याचा तीव्र झटका आणण्यास पुरतो. आणि एकदा जडलेली ही खोड सहसा जात नाही. वाईट असे, की वास येण्याइतके प्रमाण होण्यापूर्वीच अपाय होऊ शकतो. म्हणजे नाक हा येथे पहारेकरी नव्हे. तोंडास रुमाल बांधणे हे केवळ मनाचे समाधान. धूळ अडविणारी साधी मुखपट्टीही निरुपयोगी. योग्य व्यवस्था म्हणजे बाहेरील शुद्ध हवा नळीने पुरविणारा मुखवटा आणि हवा खेचून बाहेर टाकणारे बंद दालन. आता तर हार्डनर आतच भरलेले फवाऱ्याचे डबेही मिळतात. ते वापरावयास सोपे असले, तरी त्यांतील विष सोपे झालेले नाही.

एकट्या राहणाऱ्या माणसाने हे साहस केले, तर तो आपल्यापुरता जबाबदार असतो. परंतु आपली घरे एकत्र कुटुंबाची. परसात फवारा चालू असता तो माजघरात दुपारच्या निजेस टेकलेल्या आजोबांना, पाळण्यातील तान्ह्यास, आणि घरात गर्भवती सून असल्यास तिला विचारून आत येत नाही. आणखी एक धोका अग्नीचा. थिनरची वाफ हवेहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत सरपटत जाते. आपल्या घरी देवघरात समई तेवत असते, सकाळी बंब पेटलेला असतो, स्वयंपाकघरात शेगडी चालू असते. पडवीत उघडलेल्या डब्याची वाफ कोणत्या ज्योतीपर्यंत पोहोचेल हे सांगता येत नाही. पेट्रोलची टाकी तर रिकामी केल्यावर अधिकच घातक, कारण भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण सहज होते. तिचा पोचा काढण्यासाठी ती घरी तापविण्याचा वा तिला डाग लावण्याचा विचारही कोणी करू नये.

म्हणून आमचा नियम असा: ज्या टप्प्यावरील चूक काचकागदाने पुसता येते, तो टप्पा आपला, ज्या टप्प्यावरील चूक श्वासावर वा जिवावर जाते, तो ज्याच्याकडे साधने आहेत त्याचा. खर्चाचा हिशेबही याच मार्गाने बरोबर येतो. रंगाऱ्याच्या मजुरीचा मोठा वाटा घासण्या-भरण्यातील तासांचा असतो, आणि तो वाटा आपण उचलू शकतो. उलट एका गाडीसाठी कंप्रेसर, बंदूक व मुखवटा विकत घेणारा माणूस बचतीच्या नावाखाली रंगाऱ्याहून अधिक खर्च करून बसतो.

एका घरातील निर्णय

आमच्याच घरात हा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा त्यास आणखी एक बाजू निघाली. आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंची राजदूत गाडी पडवीत गोणपाटाखाली अनेक वर्षे उभी होती. ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील एसएचएल गाडीच्या नमुन्यावर आपल्याकडे काढली होती. आता तिचे उत्पादन बंद आहे. नाशिकला नोकरीस असलेल्या पुतण्याने ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनात घेतले, आणि दिवाळीच्या सुट्टीत रंगाचे डबे घेऊनच तो घरी आला. त्याच्या मते काम दोन दिवसांचे होते.

वहिनींनी हरकत घेतली. टाकीच्या दोन्ही अंगांस, जेथे स्वाराचे गुडघे टेकतात, तेथील रंग घासून गेलेला होता. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, ही खूण पुसून गाडी नवीच करायची असेल, तर त्याने दुकानातून नवी का घेऊ नये?’’ पुतण्या गप्प बसला. त्याच्या बाजूनेही म्हणण्यासारखे होते. मागच्या मडगार्डास गंजाने भोके पाडण्यास आरंभ केला होता. काही न करणे म्हणजे जपणे नव्हे, कारण गंजास आठवणींची भीड नसते.

शेवटी भागाभागाने निर्णय झाला. मडगार्डे व साखळीचे झाकण सोडवून पुतण्याने घरी घासावी व त्यांस अस्तर द्यावे. शेवटचा रंग गावातील रंगाऱ्याने द्यावा. आणि टाकीस रंग देऊच नये. तिचा शाबूत रंग धुऊन-पुसून ठेवावा, आणि उघड्या पत्र्यावर दर पावसाळ्यापूर्वी व नंतर हाताने मेण चढवावे. दोन दिवसांच्या कामास सहा दिवस लागले. पुतण्या मडगार्ड घेऊन रंगाऱ्याकडे गेला, तेव्हा त्याने ते उजेडात पाहिलेसुद्धा नाही. डोळे मिटून त्यावरून एक पातळ फडके फिरविले आणि ते परत दिले. ‘‘भाऊ, डोळ्यानं नका बघू, हातानं बघा. इथं कड लागतीय,’’ इतकेच तो म्हणाला. कड खरोखरच होती. पुतण्याने आणखी एक संध्याकाळ पाण्यात कागद बुडवून घालविली. आज ती गाडी पाहणाऱ्यास टाकी जुनी व मडगार्डे नवी दिसतात, आणि कोणी त्याचे कारण विचारले तर वहिनी ते स्वतः सांगतात.

यावरून असे दिसेल, की स्वतः रंगवावे की रंगवून घ्यावे या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न असतो: रंगवावेच काय? घासलेला जुना रंग परत येत नाही. पुष्कळदा गाडी नुसती स्वच्छ धुऊन, तिचा मंदावलेला रंग पॉलिशने उजळून काम भागते; परंतु ज्याच्या हाती काचकागद आला, त्यास प्रत्येक वस्तू घासावीशी वाटते.

यजमानाची कर्तव्ये

काम रंगाऱ्याकडे दिले म्हणजे आपण सुटलो असे नाही. प्रथम त्याच्याशी नीट बोलावे. दरात काय काय येते, सुटे भाग तो सोडवणार की आपण, जुना रंग पुरता काढणार की त्यावरच देणार, अस्तर कोणते, रंग हार्डनरचा की साधा, पारदर्शक थर आहे की नाही, हे आधी विचारावे व कागदावर घ्यावे. दोन रंगाऱ्यांच्या दरांत मोठे अंतर असेल, तर ते बहुधा भूमिबंधात असते. स्वस्त काम तेथेच स्वस्त केलेले असते. त्याने आधी रंगविलेली एखादी गाडी वर्षभरानंतर कशी दिसते हे पाहता आले, तर त्याहून चांगली परीक्षा नाही.

कायद्याच्याही दोन-तीन गोष्टी आहेत. नोंदणीपत्रात गाडीचा रंग नमूद असतो. तो बदलून दुसराच रंग दिला, तर नाशिकच्या परिवहन कार्यालयास कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. तोच रंग पुन्हा दिल्यास हा प्रश्न येत नाही. सैन्याचा हिरवा, ज्यास ऑलिव्ह ग्रीन म्हणतात, तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाने खाजगी गाडीस निषिद्ध आहे. तरुणांस त्याची हौस असते म्हणून मुद्दाम सांगितले. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक घासला जाणार नाही वा पुट्टीखाली बुजणार नाही याकडे लक्ष द्यावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि त्या वेळी तो क्रमांक पाहिला जातो.

आणि शेवटची गोष्ट दक्षिणेची. रस्त्याकडेच्या कित्येक रंगशाळांत रुमाल बांधलेली मुले दिवसभर हार्डनरचा फवारा मारीत असतात. जे विष आपण आपल्या पडवीत नको म्हटले, ते त्यांच्या छातीत जाऊ देऊन आपण निश्चिंत होणे हा कसला विवेक? जो रंगारी आपल्या माणसांस चांगला मुखवटा देतो, त्याचा दर चार पैसे अधिक असेल. तो घासाघीस न करता द्यावा. आपण सर्वांनी तसे केले, तर मुखवटा न देणाऱ्याचे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल. आपण पांढरपेशे लोक कारागिराच्या हाताची थोरवी व्याख्यानात पुष्कळ गातो, आणि मजुरी ठरविताना ती सोयीस्करपणे विसरतो. ज्याने एकदा तरी सहा दिवस मडगार्ड घासले आहे, त्याच्याकडून ही विस्मृती होत नाही. घरी काम करण्याचा खरा लाभ, वाचलेल्या रुपयांपेक्षा, आम्हांस हाच मोठा वाटतो.

म्हणून घरातील मुलगा वा मुलगी ‘मी गाडी रंगवू काय?’ असे विचारील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी एकदम होय वा नाही म्हणू नये. जुना पत्र्याचा डबा, ४०० चा कागद व पाण्याची बादली त्याच्या हाती द्यावी, आणि आठवड्याने त्या डब्यावरून डोळे मिटून आपण बोट फिरवावे. कड लागली नाही, तर मडगार्ड सोडवावयास हरकत नाही.